एमओआय ५ लिहिले, पेशींना मिळाले ०.८: एका वाढ-आलेखाची उलटतपासणी

विषाणूशास्त्रातल्या कोणत्याही प्रयोगाच्या टिपणात ‘एमओआय ५ ने संसर्ग केला’ असे वाक्य हमखास सापडते. एमओआय म्हणजे मल्टिप्लिसिटी ऑफ इन्फेक्शन: टाकलेले संसर्गक्षम विषाणू भागिले त्या वेळी वेलमध्ये (पेशी वाढवण्याच्या प्लेटमधल्या खळग्यात) असलेल्या पेशी. व्याख्या एवढीच. पण या भागाकाराचा अंश आणि छेद दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले असतात आणि घोटाळा तिथे होतो. खालचे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. आकडे हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून बेतलेले आहेत, पद्धती आणि सूत्रे मात्र रोजच्या वापरातली आहेत.

परिस्थिती

व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस व्हायरस या गुराढोरांच्या विषाणूचा मूळ प्रकार आणि त्याचा एक म्युटंट (जनुकीय बदल झालेला प्रकार) यांची वाढ ताडून पाहायची होती. प्रश्न साधा होता: म्युटंट एका पेशीतून कमी विषाणू काढतो का? त्यासाठी एक-टप्पा वाढ-आलेख काढायचे ठरले. एलिस आणि डेलब्रुक यांनी १९३९ मध्ये बॅक्टेरियोफाजवर, म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंवर, वापरलेली ही पद्धत आहे. सगळ्या पेशींना एकाच वेळी संसर्ग व्हावा, म्हणजे बाहेर आलेला विषाणू एकाच फेरीतला आहे असे म्हणता येते. म्हणून एमओआय ५.

सहा वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ५ लाख व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) टाकल्या. २४ तासांनी संसर्ग केला. म्युटंटच्या स्टॉकवर, म्हणजे साठवलेल्या विषाणू-द्रवावर, ‘२.५ कोटी प्रति मिली’ असा टायटर (संसर्गक्षम विषाणूंचे प्रमाण) लिहिलेला होता. ५ लाख पेशी गुणिले ५ म्हणजे २५ लाख विषाणू, म्हणजे ०.१ मिली स्टॉक. तो मीडियममध्ये मिसळून एकूण ०.५ मिली प्रत्येक वेलला दिला, प्लेट एक तास ३७ अंशांवर इनक्युबेटरमध्ये ठेवली, मग धुऊन २ मिली ताजे मीडियम घातले. मूळ प्रकाराचेही तसेच केले. ठरावीक वेळांनी वरचा द्रव काढून प्लाक पद्धतीने विषाणू मोजला: विरल केलेला द्रव पेशींच्या थरावर घालायचा आणि एकेका विषाणूपासून पडलेले मेलेल्या पेशींचे ठिपके, म्हणजे प्लाक, मोजायचे. असा एक ठिपका पाडणारा विषाणू म्हणजे एक पीएफयू.

आठव्या तासाला मूळ प्रकार १५ कोटी पीएफयू प्रति मिली होता आणि म्युटंट १.५ कोटी. फरक दहापट. म्युटंटचा आलेख आठव्या तासाच्या आसपास सपाट होऊन पुन्हा चढला आणि सोळाव्या तासापर्यंत चढत राहिला. पहिल्या मसुद्यात निष्कर्ष लिहिला गेला की म्युटंट दहापट मंद आहे.

तो आलेख नीट पाहिला असता तर तिथेच थांबायला हवे होते. एमओआय खरोखर ५ असेल तर दुसरी चढण येऊ शकत नाही, कारण दुसऱ्या फेरीसाठी संसर्ग न झालेली पेशीच जवळपास उरत नाही.

किती पेशींना खरोखर संसर्ग झाला

विषाणू पेशींवर समान वाटून पडत नाहीत, यदृच्छेने पडतात. त्यामुळे कोणत्या पेशीला किती मिळाले याचे वाटप पॉयसाँच्या नियमाने काढतात. एमओआय म असेल तर एकही विषाणू न मिळालेल्या पेशींचा हिस्सा २.७१८ चा उणे म वा घात. म = १ असेल तर ३६.८ टक्के पेशी कोऱ्या राहतात, ३६.८ टक्क्यांना एकच विषाणू मिळतो आणि उरलेल्या २६.४ टक्क्यांना दोन किंवा जास्त. ‘एमओआय १ म्हणजे पेशीमागे एक विषाणू’ ही समजूत म्हणून फार महागात पडते: सरासरी तशी असते, वाटप तसे नसते. म = ५ ला कोऱ्या पेशी ०.७ टक्के राहतात. म = ०.१ ला सुमारे ९.५ टक्के पेशींना संसर्ग होतो आणि त्यांतल्या जेमतेम ५ टक्क्यांना एकाहून अधिक विषाणू मिळतात.

सूत्र उलटे चालवता येते, आणि खरा उपयोग तोच आहे. कोऱ्या पेशींचा हिस्सा मोजा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, चिन्ह बदला: पेशींना प्रत्यक्ष मिळालेला एमओआय हातात येतो.

त्यासाठी तोच संसर्ग पुन्हा केला. एक तासाच्या शोषणानंतर (विषाणू पेशींना चिकटू देण्याच्या वेळेनंतर) धुऊन २० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड असलेले मीडियम घातले. हा विषाणू पेशीत शिरताना एंडोसोमच्या (ज्या पिशवीतून तो पेशीत ओढला जातो तिच्या) आम्लतेवर अवलंबून असतो. अमोनियम क्लोराइड ती आम्लता घालवते, त्यामुळे नव्याने बाहेर पडलेला विषाणू शेजारच्या पेशीत जाऊ शकत नाही. हे केले नाही तर मोजणीत दुसऱ्या फेरीच्या पेशी मिसळतात आणि एमओआय फुगलेला दिसतो. पाचव्या तासाला पेशी फिक्स केल्या, विषाणूच्या एन प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाने रंगवल्या आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या.

मूळ प्रकार: ८१ टक्के पेशी रंगल्या, कोऱ्या १९ टक्के, म्हणजे एमओआय सुमारे १.७. म्युटंट: ५५ टक्के रंगल्या, कोऱ्या ४५ टक्के, म्हणजे एमओआय ०.८.

दोघांनाही ५ मिळाला नव्हता, आणि दोघांना मिळालेला आकडा सारखाही नव्हता. म्युटंटच्या आलेखातली दुसरी चढण त्या ४५ टक्के कोऱ्या पेशींची होती. पहिल्या फेरीतून निघालेल्या विषाणूने त्यांना नंतर गाठले.

५ चे ०.८ कसे झाले

पेशींची संख्या. हिशेबात ५ लाख धरले होते, म्हणजे आदल्या दिवशी टाकलेल्या पेशी. व्हेरो पेशी साधारण एका दिवसात दुप्पट होतात. संसर्गाच्या क्षणी दोन राखीव वेल ट्रिप्सिनने सोडवून मोजले तर सरासरी ९.५ लाख निघाल्या. इथेच ५ चे २.६ झाले. ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि टाळायला सर्वांत सोपी आहे: प्रत्येक प्लेटमागे दोन वेल फक्त मोजणीसाठी राखायचे. हिमोसायटोमीटरवर किमान २०० पेशी मोजाव्यात. १०० मोजल्या तर निव्वळ यदृच्छेची चूकच १० टक्के असते.

टायटरचे एकक. म्युटंटच्या कुपीवरचा २.५ कोटी हा आकडा टीसीआयडी५० होता. तो रीड आणि म्युंच यांच्या १९३८ च्या पद्धतीने काढलेला होता. मूळ प्रकाराचा टायटर मात्र पीएफयूमध्ये होता. कुपीवर दोन्हीकडे नुसते ‘प्रति मिली’ लिहिले होते. टीसीआयडी५० म्हणजे निम्म्या वेलमध्ये संसर्ग होईल एवढी मात्रा. पॉयसाँच्याच नियमाने निम्मे वेल कोरे राहायला सरासरी ०.६९ संसर्गक्षम विषाणू लागतो. म्हणून पीएफयू अंदाजे टीसीआयडी५० च्या ०.६९ पट. २.५ कोटीचे १.७ कोटी झाले आणि म्युटंटचा एमओआय १.८ वर आला. हे गुणोत्तर सैद्धांतिक आहे. पेशी निराळ्या असल्या किंवा वाचनाचा दिवस बदलला की प्रत्यक्षात ते हलते, त्यामुळे ज्या एककात हिशेब करायचा त्याच एककात मोजणे बरे.

वितळवणे-गोठवणे. म्युटंटची कुपी आधी दोनदा वितळवलेली होती. प्रयोगात वापरलेल्याच कुपीचा उरलेला भाग प्लाक पद्धतीने मोजला: एक लाखपट विरल केलेल्या द्रवाचे ०.२ मिली तीन वेलमध्ये, प्लाक २२, २४, २६. सरासरी २४ भागिले ०.२ गुणिले एक लाख म्हणजे १.२ कोटी पीएफयू प्रति मिली. लेबलवरून निघणाऱ्या १.७ कोटीच्या ७० टक्के. तीन वेल मिळून ७२ प्लाक, म्हणजे चूक १२ टक्क्यांच्या आसपास. एकाच वेलचे २४ प्लाक धरले असते तर ती २० टक्के झाली असती. एमओआय आता १.२६.

१.२६ आणि ०.८ यांतले अंतर उरते. ते द्रवाच्या उंचीत आहे.

सहा वेलच्या प्लेटमधल्या एका वेलचे तळ-क्षेत्रफळ साधारण ९.५ चौरस सेंटिमीटर. टायटर मोजताना ०.२ मिली द्रव घातला होता, त्याची उंची ०.२१ मिलिमीटर. प्रयोगात ०.५ मिली घातला, उंची ०.५३ मिलिमीटर. विषाणूला पोहता येत नाही. तो विसरणाने सरकतो. १०० नॅनोमीटर व्यासाचा गोल कण ३७ अंशांच्या पाण्यात एका तासात सरासरी सुमारे ०.२ मिलिमीटर सरकतो (स्टोक्स-आइनस्टाइनच्या सूत्राने). म्हणजे ०.२ मिली द्रवातला बहुतेक विषाणू तासाभरात तळाच्या पेशींपर्यंत पोहोचतो, ०.५ मिलीतला वरचा थर पोहोचतच नाही आणि धुण्यात वाहून जातो. शिवाय टायटर मोजताना प्लेट दर १० मिनिटांनी तिरपी करून फिरवली होती, प्रयोगात ती जागची हलवलीच नव्हती. ०.८ भागिले १.२६ म्हणजे ६३ टक्के. नुसत्या विसरणाचा हिशेब केला तर याहून कमी यायला हवे, पण इनक्युबेटरचे दार उघडताना आणि प्लेट उचलताना द्रव थोडा ढवळला जातोच.

पेशी-संख्या आणि द्रवाची उंची या दोन चुका दोन्ही विषाणूंना सारख्या लागू होत्या, म्हणून मूळ प्रकाराचा ५ भागिले १.९ गुणिले ०.६३ असा हिशेब १.६६ वर येतो आणि रंगवून मिळालेल्या १.७ शी जुळतो. एकक आणि गोठवणे या फक्त म्युटंटच्या वाट्याला आल्या. तुलनेच्या प्रयोगात दोन्ही बाजूंना सारखी पडणारी चूक बरीचशी माफ होते, एकाच बाजूची होत नाही.

तरीही दहापट कशी

इथे हात झटकून ‘एमओआय चुकला होता’ म्हणणे सोपे होते. पण हिशेब पुरता केला तर ते पुरेसे नाही. मूळ प्रकारात ८१ टक्के पेशी, म्युटंटमध्ये ५५ टक्के. संसर्गित पेशींतला फरक दीडपटच आहे. आठव्या तासाचा विषाणू संसर्गित पेशींनी भागला तर मूळ प्रकार: १५ कोटी गुणिले २ मिली म्हणजे ३० कोटी, भागिले ७.७ लाख, म्हणजे पेशीमागे सुमारे ४०० पीएफयू. म्युटंट: ३ कोटी भागिले ५.२ लाख, म्हणजे सुमारे ५७. फरक अजून सातपट. मग म्युटंट खरोखर सातपट मंद होता का?

धागा रंगवलेल्या पेशींच्या चित्रांत होता. म्युटंटच्या वेलमध्ये रंगलेल्या पेशींपैकी बऱ्याच फिकट होत्या आणि थोड्या मूळ प्रकाराइतक्याच झळझळीत. एकसारख्या मंद विषाणूने सगळ्याच पेशी थोड्या फिकट व्हायला हव्या होत्या. दोन गट दिसले की पेशींना दोन वेगळ्या गोष्टी मिळाल्याचा संशय घ्यावा.

म्युटंटचा स्टॉक वाढवण्याची नोंद काढली. आधीचा विषाणू विरल न करता थेट नव्या पेशींवर, असे सलग तीन वेळा. घाईत असे करतात, कारण स्टॉक एका दिवसात तयार होतो. पण याच पद्धतीने डिफेक्टिव्ह इंटरफेअरिंग कण, म्हणजे डीआय कण, साठतात. फॉन मॅग्नस यांनी अंड्यांत इन्फ्लुएंझा विषाणू विरल न करता पुढे पुढे वाढवला तेव्हा संसर्गक्षमता घसरत गेली होती. हुआंग आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये या कणांची व्याख्या बांधली. त्यांच्या जीनोमचा मोठा भाग गळालेला असतो. एकट्याने त्यांना वाढता येत नाही, पण त्याच पेशीत पूर्ण विषाणू असेल तर त्याची पॉलिमरेज (जीनोमच्या प्रती काढणारे एन्झाइम) आणि प्रथिने वापरून ते झपाट्याने वाढतात आणि पूर्ण विषाणूचे उत्पादन पाडतात.

यात एमओआयचा संबंध थेट आहे. डीआय कणाला पूर्ण विषाणूची सोबत लागते आणि एकाच पेशीत दोघे पडण्याची शक्यता एमओआयनुसार वाढते. एमओआय ०.०१ ला ती नगण्य असते, ५ ला जवळपास नक्की. आणि प्लाक पद्धतीत द्रव लाखपट विरल झाल्यामुळे डीआय कण पूर्ण विषाणूच्या सोबत पडत नाहीत, म्हणून टायटरमध्ये ते दिसतही नाहीत. स्टॉकचा पीएफयू आकडा चांगला आणि प्रयोगात पीक (पेशीमागे निघणारा विषाणू) कमी, ही या भेसळीची नेहमीची खूण आहे.

पडताळा आरटी-क्यूपीसीआरने, म्हणजे आरएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती मोजणाऱ्या पद्धतीने, केला. या विषाणूचा जीनोम सुमारे ११ हजार न्यूक्लिओटाइडचा ऋण-धाग्याचा आरएनए असतो. त्याच्या ३' टोकाजवळ एन जनुक, ५' टोकाजवळ एल. या विषाणूच्या बहुतेक डीआय कणांत ५' टोकाकडचाच भाग उरलेला असतो. म्हणून एक प्रायमर जोडी (मोजायचा तुकडा ठरवणारे डीएनएचे दोन आखूड धागे) एन जनुकात, दुसरी ५' टोकाला अगदी लागून असलेल्या एलच्या भागात. मूळ प्रकाराच्या स्टॉकमध्ये दोन्हींच्या प्रती सारख्या भरल्या. म्युटंटमध्ये एन ६० कोटी प्रति मिली, एल १८० कोटी. दर सायकलला प्रती दुप्पट होतात, तेव्हा तिपटीचा फरक म्हणजे दीड सायकलच, त्यामुळे दोन्ही जोड्यांची कार्यक्षमता एकाच प्रमाण आरएनएवर जुळवून घेतल्याशिवाय या आकड्यावर विसंबू नये.

आता तोलून पाहू. पूर्ण जीनोम ६० कोटी, पीएफयू १.२ कोटी, म्हणजे ५० कणांमागे एक संसर्गक्षम. अनेक प्राणी-विषाणूंत हे गुणोत्तर दहा ते काही हजार असते, त्यामुळे ५० मध्ये नवल नाही. जास्तीचे १२० कोटी डीआय जीनोम. ०.१ मिलीत १२ कोटी, पेशीमागे १२६. त्यांचेही पन्नासातले एकच कामाचे धरले आणि शोषण ६३ टक्के, तर पेशीमागे १.६ डीआय कण. पुन्हा पॉयसाँ: २० टक्के पेशींना एकही डीआय नाही, ८० टक्क्यांना किमान एक. म्युटंटचे खरे पीक पेशीमागे २०० आणि डीआय असलेल्या पेशीत ते दहावा हिस्सा मानले, तर सरासरी ०.२ गुणिले २०० अधिक ०.८ गुणिले २०, म्हणजे ५६. मोजलेले ५७ होते. यात तीन गृहीतके आहेत, त्यामुळे हा पुरावा नाही. पण आकड्यांचा मेळ बसतो एवढे कळते आणि पुढचा प्रयोग काय करायचा हेही कळते.

स्टॉक आणि प्रयोग नव्याने

म्युटंटचा एकेक प्लाक उचलून तीन वेळा शुद्ध केला. शेवटच्या प्लाकपासून स्टॉक वाढवताना एमओआय ०.००१ ठेवला आणि पेशी पूर्ण मरण्याची वाट न पाहता, बहुतेक पेशी गोल होऊन सुटू लागताच द्रव काढला. सेंट्रिफ्यूजने पेशींचा कचरा काढून ०.१ मिलीच्या कुप्या भरल्या आणि उणे ८० अंशांवर ठेवल्या. एक कुपी एकदाच वापरायची. मूळ प्रकाराचा स्टॉकही त्याच पद्धतीने नव्याने केला. एका बाजूचाच स्टॉक बदलला असता तर तुलना पुन्हा लंगडी राहिली असती. एन-एल गुणोत्तर दोन्हींत एकाच्या आसपास आले. टायटर एकाच दिवशी, एकाच खेपेच्या व्हेरो पेशींवर, गोठवलेली कुपी वितळवून मोजला: मूळ २० कोटी, म्युटंट ६ कोटी पीएफयू प्रति मिली. गोठवण्याआधी मोजलेला टायटर इथे उपयोगाचा नसतो.

संसर्गाच्या वेळी पेशी ९.५ लाख. एमओआय ५ साठी ४७.५ लाख पीएफयू. मूळ प्रकाराचे २४ मायक्रोलिटर, म्युटंटचे ७९, दोन्ही मीडियमने ०.२ मिली करून. दर १० मिनिटांनी प्लेट तिरपी करून फिरवली, नाहीतर एवढ्या कमी द्रवात वेलचा मध्यभाग कोरडा पडून तिथल्या पेशी मरतात आणि छेद पुन्हा बदलतो. तासाने तीनदा धुतले आणि लगेच शून्य तासाचा नमुना घेतला. धुऊनही उरलेला जुना विषाणू किती हे त्यावरून कळते.

सोबत अमोनियम क्लोराइडचे वेल होते, पण या वेळी तिथे दहापट विरल केलेला संसर्गही ठेवला. कारण असे: एमओआय ४-५ ला कोऱ्या पेशी एक-दोन टक्के असतात. २०० पेशींत त्या दोन निघाल्या की चार, यावर उत्तर ४.६ होणार की ३.९ हे ठरते. मूळ प्रकाराच्या विरल वेलमध्ये ३२ टक्के पेशी रंगल्या, म्हणजे एमओआय ०.३९, दहाने गुणून ३.९. म्युटंट ३.५. दोन्ही ५ हून थोडे कमी भरतात आणि ते चालते, कारण दाट जागच्या, लहान पेशींना कमी विषाणू मिळतो आणि पॉयसाँचे गृहीतक तिथे सैल पडते.

आठव्या तासाला मूळ प्रकार १८.६ कोटी पीएफयू प्रति मिली, म्युटंट ९.२ कोटी. संसर्गित पेशीमागे ४०० आणि २००. नवा विषाणू दिसू लागण्याची वेळ दोघांची सारखीच, दुसरी चढण कुठेही नाही. म्युटंट दुप्पट कमी पीक देतो, उशीर करत नाही, एवढेच विधान उरले. टिपणात ‘एमओआय ५’ ऐवजी पुढचे लिहिले: टायटरचे एकक आणि ज्या पेशींवर मोजला त्या पेशी, संसर्गाच्या वेळची पेशी-संख्या, द्रवाचे आकारमान आणि वेलचे क्षेत्रफळ, शोषणाचा वेळ आणि तापमान, रंगलेल्या पेशींची टक्केवारी.

दुपटीचा फरक ठळक दिसावा म्हणून कमी एमओआयचा बहु-टप्पा आलेखही घेतला. इथे ०.०१ निवडण्याची सवय असते आणि या विषाणूसाठी ती निरुपयोगी आहे. ९.५ लाख पेशींपैकी ९,५०० ना संसर्ग झाला आणि प्रत्येकीतून ४०० निघाले तर पहिल्याच फेरीत ३८ लाख विषाणू होतात. दुसऱ्या फेरीला पेशी पुरत नाहीत. एमओआय ०.०००१ घेतला तर पहिली फेरी ९५ पेशींची, दुसरी मूळ प्रकारात जास्तीत जास्त ३८ हजारांची आणि म्युटंटमध्ये १९ हजारांची. दुसऱ्या फेरीअखेर १.५ कोटी विरुद्ध ३८ लाख, म्हणजे चौपट फरक. तिसऱ्या फेरीत दोघेही सगळ्या पेशी संपवतात आणि अंतर पुन्हा दुपटीवर येते. नमुने दुसरी फेरी संपून तिसरी पूर्ण होण्याआधी घ्यावे लागतात, त्यासाठी दर दोन तासांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच द्रव काढला तर चौपट फरकाचा तो काळ निघून गेलेला असतो.